सात किलोंत काय बसवायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पवनीत विमान उतरत नाही. सगळ्यात जवळचा विमानतळ नागपूरचा. भिवापूर, उमरेड करत तिथं पोहोचायला ऐंशीएक किलोमीटर जावं लागतं. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत विमानातून आलेल्या कॅमेऱ्यांच्या जेवढ्या बॅगा मी पवनीत पाहिल्या, तेवढ्या आधीच्या सगळ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. कारण वाघ. २०१३ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं आणि मग इथल्या 'जय' नावाच्या वाघाचं नाव देशभर झालं. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. मुंबई-पुण्याचे छायाचित्रकार मात्र येतच राहिले.

माझा पवनीत फोटो स्टुडिओ आहे. आता मुलगा पाहतो, मी नुसता बसतो. या मंडळींना कधी कार्ड रीडर लागतो, कधी सेल, कधी एखादा स्क्रू घट्ट करून हवा असतो. चहा मागवला की विमानातल्या गोष्टी सुरू होतात. कुणाचा ट्रायपॉड मुंबईलाच राहिला, कुणाची पॉवर बँक काढून घेतली, कुणाच्या लेन्सच्या पुढच्या फिल्टरचा चुरा झाला. मग कुणीतरी विचारतं, "काका, तुम्ही कधी कॅमेरा घेऊन विमानात बसलात का?"

बसलो आहे. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं जे काही मला कळलं ते तिथून कळलं.

२००८ चा उन्हाळा होता. गोसीखुर्द धरणाचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. धरण आमच्याच तालुक्यात वैनगंगेवर. बुडणाऱ्या गावांचं उठणं एकदम झालं नाही, टप्प्याटप्प्यानं वर्षानुवर्षं चाललं. त्या उन्हाळ्यात मी एका गावात महिना-दीड महिना जात होतो. लोक स्वतःच्या हातानं स्वतःची घरं मोडत होते. कवेलू उतरवून रचून ठेवायचे, मयाली, फाटे सोडवायचे, दारं चौकटीसकट काढायची आणि बंडीवर, ट्रॅक्टरवर घालून नव्या गावठाणात न्यायची. घराचं लाकूड कुणी पाण्यात सोडत नाही. मी कृष्णधवल फिल्मवर काढत होतो, ४०० आयएसओची. चौदा रोल झाले. एका रोलमध्ये छत्तीस, म्हणजे पाचशे चार फोटो.

त्यातला एक फोटो एका आजीचा होता. मुलानं दाराची चौकट काढून नेली होती, भिंतीत नुसती पोकळी उरली होती आणि आजी त्या पोकळीत, जिथं उंबरठा होता तिथं बसली होती. फोटो काढल्यावर म्हणाली, "भाऊ, घर तं चाललं. फोटो आनून देजा बरं." मी हो म्हटलं.

त्याच मे महिन्यात पुतण्याच्या आग्रहानं आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेला निघालो. जायच्या आधीचे दोन दिवस रोल धुवायला पुरले असते, स्टुडिओत डार्करूम होती. पण ते दोन दिवसही मी गावातच घालवले. रोल न धुता घरी ठेवावेत, तर मे महिन्यातली आमच्याकडची उष्णता तुम्हांला सांगायला नको. घरात कूलरशिवाय काही नाही आणि उष्णतेनं फिल्म खराब होते. पुतण्या म्हणाला, इकडे चांगली लॅब आहे, घेऊन या. घेतले.

मुंबईला आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या काउंटरवर माझी खांद्यावरची बॅग वजनाला लावली. सात किलोंची मर्यादा, बॅग भरली आठच्या वर. काउंटरवरचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, "सर, एक किलो कमी करा." मागे रांग. घाईघाईत सूटकेस उघडली आणि बॅगेतल्या वस्तू तिच्यात टाकायला लागलो. कॅमेरे काढले नाहीत, ते महाग. सव्वा किलोची झूम लेन्स काढली नाही, ती तर सगळ्यात महाग, हप्त्यांवर घेतलेली. मग काय काढलं? फ्लॅश, चार्जर, साफसफाईचं सामान आणि रोलची पिशवी. पिशवीत अकरा रोल होते, तीन जाकिटाच्या खिशात राहिले होते. अकरा रोलांचं वजन डब्यांसकट किती? जेमतेम तीन-साडेतीनशे ग्रॅम.

सूटकेस मुंबईला यंत्रातून गेली. अमेरिकेत उतरल्यावर पुढच्या विमानासाठी सामान घेऊन पुन्हा पट्ट्यावर घालावं लागतं, तिथं पुन्हा गेली. लॅबमधून फोटो आले तेव्हा खिशातले तीन रोल स्वच्छ होते. पिशवीतल्या अकराही रोलांवर पांढुरका, नागमोडी पट्टा होता. कुठं फिका, कुठं इतका दाट की माणसाचा चेहराच नाही.

बायको तेव्हा काही बोलली नाही. परत आल्यावर एकदा म्हणाली, "माझ्या पिशवीत दोन किलोंची जागा होती. विचारलं असतं तर?" विचारलं नव्हतं खरं.

हे काय झालं ते नीट समजून घेऊ. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की ते बदलतात आणि क्ष-किरणांनीही तसेच बदलतात. हातातली बॅग तपासणारं जुन्या पद्धतीचं यंत्र सौम्य असतं. कमी आयएसओची फिल्म त्यातून एक-दोनदा गेली तर काही होत नाही. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाची यंत्रं वेगळी. तिथं किरणांचा झोत कितीतरी प्रखर असतो, कारण माणूस उभा राहून पाहणार नसतो आणि सामानाच्या आतलं आतलं दिसायला हवं असतं. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर सगळं चेक-इन सामान अशा तपासणीतून न्यायचं ठरलं, २००२ अखेरपर्यंत तशी यंत्रं बसली. झोत सरळ जातो, पण फिल्म गुंडाळलेली असते. म्हणून उलगडल्यावर डाग लाटेसारखा दिसतो. प्रत्येक तपासणीचा परिणाम आधीच्यावर साठत जातो, ही आणखी एक गोष्ट. एकदा धुतलेल्या फिल्मला मात्र क्ष-किरणांचं काही भय नाही. म्हणजे ते दोन दिवस मी डार्करूममध्ये काढले असते, तर सूटकेस दहादा यंत्रातून गेली असती तरी चाललं असतं.

ही माहिती आता कशाला, असं वाटेल. पण माझ्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या पोरांच्या गळ्यात हल्ली पुन्हा फिल्मचे कॅमेरे दिसतात, आजोबांच्या कपाटातून काढलेले. त्यांना मी सांगतो, की आता हातातल्या बॅगेसाठीही परदेशात अनेक ठिकाणी सीटी स्कॅनसारखी यंत्रं आली आहेत, आपल्याकडेही मोठ्या विमानतळांवर येत आहेत. तुमचा लॅपटॉप बॅगेतून काढायला लागत नाही, असं यंत्र दिसलं की समजा. त्यातून कुठलीच न धुतलेली फिल्म नेऊ नये. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवायचे आणि तपासणाऱ्याला विनंती करायची, की हातानं बघा. अमेरिकेत ही विनंती मानतात. इतर ठिकाणी समोरच्या माणसावर असतं, पण गर्दी नसेल आणि आपण आवाज चढवला नाही तर बहुधा ऐकतात. शिशाच्या अस्तराची पिशवी मिळते, तिचा फार भरवसा धरू नका. यंत्रावर काळा ठोकळा दिसला की पिशवी उघडून रोल बाहेर काढून पुन्हा आत घालायला सांगतात.

डिजिटल कॅमेरा, त्याचा सेन्सर, मेमरी कार्ड यांना या यंत्रांनी काही होत नाही. "काका, कार्डावरचे फोटो उडतात का?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात एकदा तरी येतो. नाही उडत. कार्ड हरवतं, ते वेगळं.

आता वजन. देशातल्या बहुतेक विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशाला हातात एक बॅग आणि तीही साधारण सात किलोंची. वाघाच्या फोटोसाठी येणारे लोक ६०० मिलिमीटरची लेन्स आणतात, ती एकटी तीन किलोंच्या वर. कॅमेरा सव्वा-दीड किलो. चांगली गादीदार कॅमेरा बॅग रिकामीच दोन किलोंची. इथंच साडेसहा झाले. दुसरा कॅमेरा, लहान लेन्स, लॅपटॉप, चार्जर बाहेरच. म्हणून पहिली काटछाट बॅगेतच करायची. कॅमेरा बॅग न घेता साधी हलकी सॅक घ्यायची आणि आत गादीचे कप्पे ठेवायचे. किलोभर तिथंच वाचतं. शिवाय बॅगेवर कॅमेऱ्याच्या कंपनीचं ठसठशीत नाव नसलेलं बरं, ते चोराला निमंत्रण असतं. बरेच जण खिशांचं जाकीट घालतात आणि एखादी लेन्स, दोन-चार सेल खिशांत घालून काउंटरवर उभे राहतात. अंगावरच्या कपड्यांचं वजन कुणी करत नाही. पुढं तपासणीला मात्र ते सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचंच आहे.

लहान शहरांना जाणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानांत डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात. विमानाच्या दाराशी बॅग मागतात, खाली ठेवू म्हणतात. त्या वेळी भांडण्यापेक्षा कॅमेरा गळ्यात अडकवावा, सेल आणि कार्डं काढून खिशात घालावीत आणि मगच बॅग द्यावी. तुम्ही घाबरून उभे राहिलात तर हे सुचत नाही. म्हणून ती लहान पिशवी बॅगेत सगळ्यात वर, वेगळी करूनच ठेवावी.

ट्रायपॉड चेक-इन सामानात घालावा. काही ठिकाणी हातात नेऊ देतात, काही ठिकाणी नाही आणि जाताना दिला म्हणून येताना देतील असं नाही. कपड्यांत गुंडाळून, त्याचं डोकं सोडवून ठेवलं की काही होत नाही. स्क्रू ड्रायव्हर, पकड, चाकूवालं हत्यार हेही खालीच. धूळ उडवायचा दाबलेल्या हवेचा डबा तर न्यायचाच नाही, ना वर ना खाली. रबरी फुगा न्या, त्याला कुणी हरकत घेत नाही.

यातही एक प्रश्न राहतोच. महागडी लेन्स खालच्या सामानात द्यायचीच वेळ आली तर? कठीण कवचाची पेटी, आत नेमक्या आकाराचा फोम, आणि कॅमेऱ्यावरून लेन्स काढून दोन्हींना झाकणं लावून. जोडलेली ठेवली तर धक्क्यानं जोडाची कडी वाकते. पण भरपाईच्या भरवशावर देऊ नका. विमान कंपनीच्या तिकिटामागच्या अटी वाचल्या तर नाजूक आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारी त्या सहसा घेतच नाहीत, आणि घेतली तरी भरपाईला वरची मर्यादा असते. एखाद्या बऱ्या लेन्सची किंमत त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. व्यवसाय असेल तर वेगळा विमा उतरवावा. सामानाचे फोटो, बिलं आणि प्रत्येक वस्तूचा क्रमांक लिहून एक प्रत घरी ठेवावी.

आता सेल, म्हणजे बॅटऱ्या. इथं नियम अगदी उलटा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या २००८ च्या प्रवासात एका विमानतळावर माझ्या फ्लॅशचे सुटे पेन्सिल सेल हातातल्या बॅगेतून काढून टाकायला लावले होते. त्या काळी आपल्याकडे सुटे सेल हातात नको असा दंडक होता. आता कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या, सुट्या असतील तर, खालच्या सामानात चालत नाहीत. हातातल्याच बॅगेत हव्यात. पॉवर बँकही तशीच.

कारण असं, की लिथियम-आयन बॅटरी आतून शॉर्ट झाली तर तापते, त्या तापानं शेजारचा भाग तापतो आणि आग स्वतःच स्वतःला पेटवत जाते. विमानाच्या पोटात आग विझवणारा वायू सोडायची सोय असते. ज्वाळा त्यानं विझतात, पण बॅटरीच्या आतला ताप थांबत नाही. वर माणसांत पेटली, तर निदान लगेच दिसते आणि विमानातले कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधी एका विमानाला आग लागली. १७६ माणसं होती, सगळी वाचली, विमानाचं छत मात्र जळून गेलं. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेतून ती आग लागली असावी, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी पॉवर बँक कप्प्यात न ठेवता जवळ ठेवायला सांगितलं.

मर्यादा किती? बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात, इंग्रजी डब्ल्यू आणि एच. नसतील तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचं. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी ७.२ व्होल्टची आणि १८६५ मिलिअँपिअरची, म्हणजे साडेतेरा वॉट-तास. वीस हजारांची पॉवर बँक ३.७ व्होल्टनं ७४. शंभरपर्यंत चालतं. शंभर ते १६० या दरम्यानच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीला आधी विचारून जास्तीत जास्त दोन. त्याच्या वर प्रवाशाला नाही. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे माझे मित्र मोठ्या दिव्यांच्या बॅटऱ्या घेऊन जातात, त्यांनी हा हिशेब तिकीट काढायच्या आधी करावा. सुट्या बॅटरीच्या टोकांना टोपण नाहीतर चिकटपट्टी लावायची. बॅगेत किल्ल्या आणि नाण्यांबरोबर उघडी बॅटरी ठेवणं म्हणजे खिशात निखारा ठेवण्यासारखं आहे. आणि पॉवर बँकेवरचे आकडे पुसले असतील तर ती घरीच ठेवा. आकडे दिसत नाहीत म्हणून काढून घेतलेल्या दोन-तीन पॉवर बँकांची गोष्ट मी ऐकली आहे.

सुरक्षा तपासणीत कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावे लागतात. सांगायच्या आधी काढून ठेवले तर वेळ वाचतो. मोठी लेन्स यंत्रावर जाड नळीसारखी दिसते, त्यामुळे बॅग बाजूला काढतात. काढू द्या. जवानानं लेन्सचं झाकण उघडायला सांगितलं तर आपणच उघडून दाखवावं, त्याच्या हातात देऊ नये. त्याला ते ओझं नको असतं आणि आपल्यालाही धाकधूक नको.

या सगळ्या नियमांना वैतागलेल्या माणसाला मी २००६ च्या ऑगस्टची आठवण देतो. लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला आणि १० ऑगस्टला ब्रिटनच्या विमानतळांवर हातातलं सामान बंदच झालं. पारदर्शक पिशवीत पासपोर्ट, पाकीट, औषधं, बस्स. छायाचित्रकारांचे कॅमेरे आणि वादकांची व्हायोलिनं सगळी विमानाच्या पोटात गेली. काही दिवसांनी ती बंदी सैल झाली, पण बाटलीतल्या शंभर मिलिलिटरचा नियम तेव्हापासूनच आला. लेन्स पुसायचं द्रावण परदेशी नेताना तोच नियम लागतो.

परदेशातून परतताना कस्टमचा प्रश्न येतो. तुमचा जुनाच कॅमेरा, पण तो तिकडे घेतलेला नाही हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी जातानाच विमानतळावर कस्टम अधिकाऱ्याला वस्तू आणि त्यांचे क्रमांक दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. चेक-इनच्या आधी, वेळ हाताशी ठेवून. बायको म्हणाली म्हणून मी ते २००८ मध्ये घेतलं होतं. परतताना अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि दोन मिनिटांत सोडलं. त्या प्रवासात मी शहाणपणानं केलेली ती एकच गोष्ट, आणि तीही माझी नव्हे. चित्रपट किंवा मोठं शूटिंग करणाऱ्यांसाठी कार्नेट नावाचा कागद असतो, सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचा. आपल्याकडे तो फिक्कीकडून मिळतो.

अमेरिकेतला भाचा-पुतण्या येताना ड्रोन आणणार असेल तर त्याला आधीच सांगा, नको. २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. आणि आणलाच तरी आमच्या अभयारण्यात तो उडवू देत नाहीत, हे वर सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

विमानाच्या खिडकीतून फोटो काढायला हरकत आहे का? प्रवाशानं उड्डाणात साधा फोटो काढायला आपल्याकडे मुभा आहे, २०२० मध्ये यावरून गोंधळ झाला तेव्हा विमान वाहतूक महासंचालनालयानं तसं स्पष्टही केलं. गोंधळ होईल, इतरांना त्रास होईल असं चित्रीकरण चालत नाही. विमानतळावर, विशेषतः सुरक्षा तपासणीच्या जागी, कॅमेरा बाहेर काढू नये. हवाई दलाच्या धावपट्टीवरून उडणारं विमान असेल तर कर्मचारी सांगतील तसं वागावं.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण लोक इथंच चुकतात. जाताना बॅगेत सगळ्यात मोलाचा कॅमेरा असतो. येताना तो नसतो. पण माणूस बॅग जशी भरून गेला तशीच भरून परत येतो. चार दिवस जंगलात बसून काढलेले फोटो कॅमेऱ्यातल्याच कार्डावर, दुसरी प्रत लॅपटॉपमध्ये आणि कॅमेरा व लॅपटॉप एकाच बॅगेत. ती बॅग गेली की दोन्ही प्रती गेल्या. म्हणून माझ्या स्टुडिओतून निघणाऱ्याला मी विचारतो, "कार्ड कुठे आहे?" कार्ड अंगावर, शर्टाच्या बटणाच्या खिशात. एक प्रत लॅपटॉपमध्ये. जमलं तर तिसरी लहान हार्ड डिस्कवर, सोबत्याच्या बॅगेत. मग काउंटरवर एक किलो कमी करा म्हणाले, तर लेन्स द्या. वाईट वाटेल, पण द्या. लेन्स पुन्हा मिळते.

ही मुलं कधी कधी हसतात. एकजण म्हणाला, "काका, वाघ पुन्हा दिसतो की!" वाघ दिसतो, खरं आहे. त्याला मी भिंतीवरचा फोटो दाखवला.

त्या गावात आता पाणी आहे. मी हप्ते फेडून घेतलेल्या त्या झूम लेन्सला पुढं बुरशी लागली, कपाटात पडून आहे. खिशातल्या तीन रोलांमधले एकशे आठ फोटो चांगले आले, त्यांत घरं आहेत, बंड्या आहेत, कवेलूंचे ढीग आहेत. आजी मात्र पिशवीतल्या रोलमध्ये होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी तो फोटो मोठा करून नव्या गावठाणात घेऊन गेलो. द्यावा की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. फोटोत आजी आहे, मोडलेली भिंत आहे आणि तिच्या गुडघ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पांढुरका, नागमोडी पट्टा गेला आहे. आजीनं फोटो उजेडात धरला. पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हे पानी व्हय का?"

मी म्हटलं, "नाही आजी. यंत्राचा डाग आहे. माझ्या चुकीनं पडला."

तिनं पुन्हा एकदा पाहिलं आणि फोटो माझ्याकडे परत दिला. "काच लावून आनजा," म्हणाली.